सपाट पाण्यातला उस्ताद

विहिरीला भिंत असते.

ओल्या नऊवारीचं वजन आजवर कुणी केलेलं नाही.

तेलाचा रिकामा डबा, झाकण लाखेने बंद. पोहायला शिकताना पाठीला बांधायचा.

बायको नवऱ्याचं नाव घेते ती उखाण्यात, तेही लोकांनी दार अडवल्यावर.

जुहूच्या बर्फाच्या गोळ्याचा रंग जिभेवर दोन दिवस राहतो.

१९६९, मे महिन्यातला रविवार. मुलुंडच्या आमच्या चाळीतला धोंडिराम, कारखान्यात फिटर, कणकवलीकडचा, आम्हा सहा जणांना विहिरीत पोहायला शिकवायचा. डबा सुटला की परीक्षा समुद्रात, असा त्याचा नियम, म्हणून जुहू. कपडे आणि सोबत आणलेला डबा सांभाळायला त्याची बायको जानकी. तिलाही पाण्यात उतरायचं होतं. तिने बसमध्ये विचारलं, बसमधून उतरल्यावर विचारलं, चटई टाकताना विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: पुढच्या वर्षी बघू. हे पुढचं वर्ष सहा वर्षं चालू होतं.

तिथे क्लेमेंट नावाचा म्हातारा जाळं शिवत बसला होता, जवळच्याच जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. त्याने आपणहून सांगितलं की ओहोटी लागलीय, पोहायचं तर लाटा फुटतात तिथे, कमरेएवढ्या पाण्यात. मधला तो शांत, गढूळ पट्टा टाळा. त्या वाटेने पाणी बाहेर पळतं. धोंडिरामने लाटा पाहिल्या, मग पट्टा पाहिला. सपाट, गप्प, अगदी विहीर. म्हाताऱ्याला पोहण्यातलं काय कळतं, असं आम्हाला सांगून तो नेमका तिथेच शिरला.

आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून गुरूचं कौतुक बघत होतो. गुरू झकास चालला होता. जरा जास्तच झकास. मग तो वळला, सरळ आमच्याकडे जोरात हात मारू लागला आणि लहान लहान होत गेला. विहिरीत माणूस समोरची भिंत गाठतो. इथे भिंतच मागे सरकत होती.

आडवा जा, सरळ किनाऱ्याकडे नको, असं क्लेमेंट ओरडत होता. जानकीने नऊवारीचा पदर खोचला, डबा उचलला आणि लाटांत कमरेपर्यंत गेली. याच्या पुढे नाही, क्लेमेंटने बजावलं, ती थांबली. दोनदा "अवो" अशी हाक मारली. दोन्ही वाऱ्याने खाल्ल्या.

"धोंडिराम! मेल्या, आडवो ये! लाटांकडे!"

वाळूवरचे सगळे वळले. तोही वळला. लग्नानंतर तिच्या तोंडून त्याने आपलं नाव असं कधी ऐकलं नव्हतं, तेही मेल्यासकट. त्या धक्क्यातच तो आडवा पोहत सुटला, पन्नासेक हात, आणि एका लाटेने त्याला उचलून तिच्यासमोर टाकलं. तिने डबा पुढे केला. त्याने तो लेकरासारखा कवटाळला. आम्ही सहा शिष्यांनी गुरूला बखोटीला धरून बाहेर आणलं.

बरंच पाणी ओकून झाल्यावर तो म्हणाला, "लोकांसमोर नाव घेतलंस?"

"परत घेऊ?" जानकीने पाण्यातूनच विचारलं.

ती बाहेर आलीच नव्हती. किनाऱ्याला धरून, फुटत्या लाटांत, मजेत हात मारत होती. क्लेमेंटचा एक डोळा जाळ्यावर, एक तिच्यावर. धोंडिराम चटईवर बसून आमच्या विजारींच्या घड्या करत होता.

जानकी सात वर्षांची असताना, वेंगुर्ल्याजवळच्या खाडीत, वाहत्या पाण्यात पोहायला शिकली.