तोंडानं घ्यायचं नाव

"तिकीट उघडून ठेव, खिडकीवर दाखवावं लागेल," म्हणत तिलेकनं आपला मोबाइल बेगिमाईच्या हातात कोंबला आणि तो झेरॉक्स काढायला पळाला.

टोकनावर त्र्याऐंशी आकडा होता, भिंतीवरच्या पाटीवर एकाहत्तर. सेवा केंद्राच्या त्या लांबलचक दालनात जणू अर्धं बिश्केक येऊन बसलं होतं. बेगिमाईनं प्रवास एजंटाचे मेसेज उघडले आणि तिकीट शोधायला अंगठा वर सरकवला. अंगठा जरा जास्तच वर गेला.

'पासपोर्टच्या फोटोत कुबात किझी असं आडनाव दिसतंय. तिकीट कोणत्या नावानं काढू?' एजंटबाईनं विचारलं होतं.

'तेमिरोवा. लग्नानंतर बदलणारच आहे,' हे तिलेकचं उत्तर. पुढे एक हसरा चेहरा.

तारीख चौदा ऑगस्ट. वेळ दुपारी चार.

तिनं ते दोनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. नव्या सुनेच्या पांढऱ्या रुमालाखाली तिचे कान तापले.

चौदा ऑगस्टला दुपारी चार वाजता तिलेक नारिनला होता, तिच्या वडिलांच्या घरी. होणाऱ्या जावयाचा मान म्हणून मेंढीच्या छातीचं मांस त्याच्या ताटात वाढलं होतं. आणि जेवता जेवता तिचे वडील, कुबात, जन्मात कुणाकडे काही न मागणारा माणूस, त्याला म्हणाले होते, "मला तिन्ही पोरीच. गावातले म्हणतात, कुबातचं नाव बुडालं. मी म्हणतो, बुडालं कसं? तिघींच्या पासपोर्टावर लिहिलंय की, कुबात किझी, कुबातची मुलगी म्हणून. तेवढं राहू द्या. बाकी काही नको."

तिलेकनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले होते. "हे काय मागणं झालं? राहिलंच समजा."

मग हात धुवायला म्हणून तो अंगणात गेला होता. बराच वेळ गेला होता. आता कळलं, तिथे काय चाललं होतं ते.

आणि गेले चार दिवस हाच तिलेक तिला सांगत होता की एजंटबाई वेंधळी, तिनं भलतंच नाव घातलं, समुद्राकाठच्या अंताल्याचं विमान गुरुवारी, आता तिकीट बदलत नाही, तेव्हा पासपोर्टच बदलून घेऊ, तातडीत दोन दिवसांत मिळतो, कागदावरचं नाव ते, त्यात काय एवढं. ती चिडली होती, रडली होती आणि शेवटी चूक तर कुणाचीही होते म्हणून आज सकाळी कोट चढवून निघाली होती. चूक! साखर पेरून शेंडी लावली होती त्यानं, तिला आणि तिच्या बापाला.

"काय झालं गं? तोंड का असं?" शेजारून अपानं विचारलं. अपा म्हणजे तिची सासू, झुराकान. मांडीवर काळी पर्स, पर्सवर दोन्ही हात, पाठ ताठ.

"काही नाही अपा."

"काही नाही तर नीट बस. लोक बघतात. नऊ दिवसांची सून अशी फुरंगटून बसली की नाव सासूचं खराब होतं."

नाव! या घरात आल्यापासून दुसरा विषयच नव्हता. परवा कुरिअरवाल्यानं फोनवर विचारलं, घर कुणाचं? बेगिमाई पटकन सासऱ्यांचं, म्हणजे अतांचं, नाव घेऊन म्हणाली, तेमिर यांचं. अपाच्या हातातली किटली हिंदकळली. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, एवढंही शिकवलं नाही का नारिनवाल्यांनी? मी छत्तीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, सासऱ्याचं तर मनातसुद्धा नाही. आणि हे खरंच होतं. तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून अपा लोखंडालासुद्धा लोखंड म्हणत नसे. तव्याला 'तो काळा' म्हणे आणि रेल्वेच्या रुळांना 'लांबचे ते दोन'. शेजारच्या बायकांना त्याचं भारी कौतुक.

तिलेक झेरॉक्स फडकावत परत आला. "सापडलं तिकीट?"

"सापडलं," बेगिमाई म्हणाली आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला.

त्यानं वाचलं. हसू ओठांवर तसंच राहिलं, फक्त शिळं झालं.

"अगं, हे तर... त्या वेळी अता शेजारी उभे होते. त्यांनी फोनवर तसंच लिहायला सांगितलं."

"अता त्या दिवशी नारिनला आले नव्हते."

"बरं, आधी सांगितलं होतं. आता मी त्यांना कुठे समजावत बसू? म्हातारा माणूस, हौसेनं सहलीचं तिकीट दिलं, लग्नाच्या मांडवात तीनशे माणसांपुढे जाहीर केलं."

"मग माझ्या बाबांना कशाला शब्द दिलास?"

"तेव्हा लग्न व्हायचं होतं ना!" तो दबक्या आवाजात म्हणाला. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं, पण तोवर ते बाहेर पडून गेलं होतं.

बेगिमाईनं मोबाइल त्याच्या छातीवर ठेवला आणि हात सोडला. त्यानं तो कसाबसा झेलला.

"हळू," अपा म्हणाली. "नवऱ्याच्या अंगावर वस्तू फेकतात का?"

"फेकली नाही, अपा. परत दिली."

"जीभ बघा हिची!"

तिलेकनं दोघींच्या मध्ये वाकून आपला नेहमीचा लाडीगोडीचा सूर लावला. "बेगी, ऐक. समुद्र बघायचाय ना तुला? आयुष्यात पहिल्यांदा? आत्ता नाव घे, समुद्र बघून येऊ. पुढच्या वर्षी वाटलं तर पुन्हा बदल. मी स्वतः येईन तुझ्याबरोबर इथे."

समुद्र बघायचाच होता. लहानपणापासून. डोंगराच्या कुशीत वाढलेल्या पोरीला पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी एकदा बघायचं होतं. आणि तो नेमका तिथेच बोट ठेवत होता, हे कळत असल्यामुळे तिला आणखीच चीड आली.

पाटीवर त्र्याऐंशी आकडा लागला.

खिडकीमागची बाई तिलेकच्याच वयाची होती, सर्दीनं बेजार झालेली. तिनं कागद चाळले, तिकीट पाहिलं, नाक पुसलं.

"आडनावात बदल, मग तातडीचा पासपोर्ट. बरोबर? अर्जदार कोण? तुम्ही? पुढे या. घरातली एक बाई साक्षीला लागते."

"मी आहे, सासू," अपा म्हणाली.

"ठीक. वर कॅमेरा आहे. स्वतःच्या खुशीनं बदलताय असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मागे दोघीतिघींनी नंतर तक्रारी केल्या, घरच्यांनी जबरदस्ती केली म्हणून. तेव्हापासून हा नियम. आधी जुनं नाव, मग नवं. बोला."

"कुबात किझी बेगिमाई," ती स्पष्ट म्हणाली.

"आणि नवं?"

बेगिमाईनं सासूकडे पाहिलं.

"नवं आडनाव काय घेताय?"

मागे कुणीतरी खोकलं. तिलेकनं तिच्या कोपराला हळूच धक्का दिला. तिनं कोपर काढून घेतलं.

"सांग ना गं," अपा पुटपुटली.

"कसं सांगू अपा?" बेगिमाई वळली आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अतांचं नाव आहे त्यात. मुलगा बापाच्या नावावरून आडनाव लावतो, त्याच्या बायकोनंही तेच लावायचं. आणि तुम्हीच शिकवलंत, सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. परवाच तर ओरडलात. मी ऐकते तुमचं."

रांगेतली एक जाडजूड म्हातारी पसंतीनं मान हलवू लागली. "बरोबर बोलते पोरगी. चांगल्या घरची आहे. अशा सुना आता राहिल्यात कुठे?"

अपाचा चेहरा लाल झाला. कौतुक तिच्या सुनेचं चाललं होतं आणि कोंडी तिची झाली होती.

"मी सांगतो," तिलेक खिडकीत घुसला. "तेमिरोवा. लिहून टाका."

"तुम्ही अर्जदार आहात?"

"नवरा आहे."

"मग मागे उभे राहा."

अपा सुनेच्या कानाशी आली. तिच्या श्वासाला चहाचा वास येत होता. "आज माफ. आज घे, मी काही म्हणणार नाही."

"लिहायला लावायचं, सहीला लावायचं, कपाळावर घेऊन फिरायला लावायचं आणि बोलायचं मात्र नाही," बेगिमाई एकेक शब्द तोडत म्हणाली. "आणि बोलायचं तेही तुम्ही माफ कराल त्या दिवशी. मला नाही जमायचं, अपा."

"अहो, भांडण घरी," खिडकीमागची बाई वैतागली. "तोवर साक्षीदाराचं घेऊन टाकते. आजी, तुमचं पूर्ण नाव?"

"झुराकान."

"आडनाव?"

अपानं पर्स उघडली. ओळखपत्र काढलं आणि काचेखालून आत सरकवलं. "त्यावर लिहिलंय."

"दिसतंय. तोंडानं सांगा, रेकॉर्ड होतंय."

"लिहिलंय ना पोरी. वाच की."

"मी वाचून चालत नाही, आजी. तुम्ही सांगायचं."

अपा ताठ उभी होती. तिचे ओठ एकदा उघडले आणि पुन्हा मिटले. बेगिमाईच्या डोळ्यांसमोर गेल्या आठवड्यातला दवाखाना आला. तिथेही नाव विचारल्यावर अपानं काही न बोलता हेच कार्ड पुढे केलं होतं. तेव्हा वाटलं होतं, म्हातारीला ऐकू कमी येत असेल. बँकेतही तसंच. तिनं वाकून काचेपलीकडच्या कार्डाकडे पाहिलं. असानोवा. असान म्हणजे अतांचे वडील, या घरातले थोरले, ज्यांचं नाव अपा मनातसुद्धा घेत नव्हती. छत्तीस वर्षं ती ते कार्ड बाळगत होती आणि स्वतःचं नाव कुणी विचारलं की पर्स उघडत होती.

"अगं अपा, सांग ना असानोवा म्हणून," तिलेक वैतागून म्हणाला. "एका शब्दासाठी अख्खी रांग अडलीय."

अपा त्याच्याकडे वळली. इतक्या सावकाश वळली की तो आपसूक एक पाऊल मागे सरला.

"माझं नाव मला माहितीये," ती म्हणाली. "तुला शिकवायची गरज नाही." मग, "नारिनला कुबातला तू काय सांगितलं होतंस?"

"कुणाला?"

"हिच्या बापाला. कान आहेत मला. मघाशी बाकावर सगळं ऐकलं."

तिलेक हातातले झेरॉक्स नीट लावू लागला.

अपा पुन्हा खिडकीकडे वळली. दोन्ही हात काचेच्या कडेवर ठेवले. "लिही पोरी. झुराकान. दुइशोनची मुलगी, अत-बाशी गावची."

"कार्डावर तसं नाहीये, आजी."

"नसेल."

"मग साक्ष धरता येणार नाही."

"नको धरूस. कार्ड दे इकडे."

खिडकीमागच्या बाईनं एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि कार्ड परत सरकवलं. नाक पुसत तिनं बेगिमाईला विचारलं, "तुमच्या अर्जाचं काय करू? रद्द?"

"रद्द."

तिनं कागदावर शिक्का मारला आणि पुढचं टोकन पुकारलं. रांगेतली जाडजूड म्हातारी लगबगीनं पुढे झाली. मघाचं कौतुक आता तिच्या तोंडावर नव्हतं, आपण कशाला मान डोलावली ते तिला बहुतेक कळेनासं झालं होतं.

तिलेक दोघींच्या मागे मागे दालनातून चालत होता. झेरॉक्सचा गठ्ठा अजून त्याच्या हातात होता.

"झालं समाधान?" तो चिडून म्हणाला. "आणि गुरुवारचं काय? दोन तिकिटं आहेत, विमान आहे, हॉटेल आहे. मी काय करायचं गुरुवारी?"

बेगिमाई न थांबता म्हणाली, "जा ना. तेमिरोवाला घेऊन जा. सापडली तर."

दाराजवळच्या बाकावर सोबत आलेले अता टोपी गुडघ्यावर ठेवून डुलक्या काढत होते. पावलांच्या आवाजानं जागे झाले, उठायला लागले.

"काय, झालं का काम?" त्यांनी बायकोला विचारलं.

अपानं पर्सची चेन ओढून बंद केली आणि सुनेचा कोट खांद्यावरून घसरला होता तो वर सारला.

"झालं," ती म्हणाली.