वाजवी भीती

अण्णांना सगळे 'कलमवाले' म्हणायचे. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण खोड काही गेली नव्हती. शेजारच्यांची मांजर ओट्यावर चढली तरी अण्णांना त्यावर एखादं कलम आठवायचं. त्यातही त्यांचा खरा जीव शहराच्या एकाच नियमावर होता: अंगावर शस्त्र लपवून फिरू नये. त्या नियमाचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. जेवायला बसलेला माणूस मध्येच उठून जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे घरातल्यांनाही तो तोंडपाठ झाला होता.

आधी म्हणे बाजाराच्या दिवशी वेशीवर तलवारी ठेवूनच आत यायचं आणि जाताना बिल्ला दाखवून त्या परत घ्यायच्या. मग लोक काठीच्या पोटात पातं घालून आणायला लागले, तेव्हा काठ्या तपासायचा नियम आला. मग पातं कोटाच्या अस्तरात शिरलं. शेवटी शहराने वैतागून लिहून टाकलं, की शस्त्र बाळगणं हा गुन्हा नाही, ते झाकणं हा गुन्हा आहे. अण्णा घास हातात तसाच धरून सांगायचे, "कमरेला उघडी सुरी लावणारा निदान लोकांना सावध तरी करतो. झाकणारा तेवढंही करत नाही."

त्या नियमाला एक सूट होती. कोणाकडून तरी मार बसेल अशी ज्याला 'वाजवी भीती' आहे, त्याला माफी. मात्र ती भीती कोणाची, हे भर कोर्टात नाव घेऊन सांगायचं. मागे नगरपालिका ही सूट काढून टाकायला निघाली होती, तेव्हा अण्णाच भांडले आणि त्यांनीच ती ठेवायला लावली. दुबळ्या माणसाला एवढी तरी फट हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा मुलगा त्याच नगरपालिकेच्या फाटकावर पहारेकरी होता. येणाऱ्याजाणाऱ्याचे खिसे चाचपायचे, आणि या नियमाखाली दोषी ठरलेल्यांची नावं फाटकाशेजारच्या फळ्यावर लावायची, हे त्याचं काम. बापाने नियम सांगावेत आणि लेकाने खिसे तपासावेत, अशी लोक थट्टा करायचे. दोघांनाही ती आवडायची.

त्या दिवशी वरच्या सभागृहात अण्णांचं व्याख्यान होतं, विषय अर्थातच हाच नियम. इस्त्रीचा कोट घालून ते फाटकाशी आले. मागे नगरसेवक, शिक्षक, चार ओळखीची माणसं रांगेत उभी होती. मुलाला त्यांना तसंच आत सोडता आलं असतं. पण आपण बापालाही सोडत नाही हे चार लोकांना दिसावं, अशी त्याला हौस आली. त्याने हसत हसत अण्णांच्या कोटाकडे हात नेला.

अण्णांनी झटकन कोपर तोंडासमोर आडवं धरलं आणि ते भिंतीला जाऊन टेकले.

"अहो अण्णा, मी आहे, मी," मुलगा म्हणाला. अण्णांचं कोपर काही खाली आलं नाही.

त्याने तसेच खिसे चाचपले. आतल्या खिशात चष्म्याची डबी होती, ती जड लागली. उघडली तर आत फळं सोलायची सुरी. त्याच्याच स्वयंपाकघरातली, मूठ तडकली म्हणून त्याने स्वतः लाल दोरा गुंडाळलेली. त्याच्या बायकोने ती सुरी शोधायला घर पालथं घातलं होतं आणि शेवटी कामवाल्या बाईंवर आळ घेऊन मोकळी झाली होती. शेजारी दुसरा पहारेकरी उभा होता, रांगेतले सगळे बघत होते. सारवासारव करायला जागाच उरली नव्हती. व्याख्यान राहिलं बाजूला, अण्णांवर त्यांच्याच लाडक्या नियमाखाली खटला उभा राहिला. मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता फळ्यावर कलमवाल्यांचं नाव लागणार, आणि ते लावणार कोण, तर आपण.

घरी आल्यावर त्याने खूप तोंडसुख घेतलं. या वयात हे काय खूळ, लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, वगैरे. अण्णा ऐकून घेत होते. मग त्यालाच सुटकेची वाट सुचली. ती सूट आहे ना, तीच मागा, कोणाचं तरी नाव घ्या, कोपऱ्यावरच्या दारुड्याचं घ्या, असं तो म्हणाला. खोटं नाव घेऊन कोणाला अडकवणार नाही, असं अण्णांनी सांगितलं.

"मग खरं घ्या!" तो चिडून म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे बघितलं, आणि ते आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावून बसले.

बायको भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "तुम्हाला खरंच कळत नाहीये का?" तिने विचारलं.

कळत होतं. फाटकावर ते कोपर वर गेलं तेव्हाच कळलं होतं. मागे एकदा अण्णा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते, भांड्याचा कोळसा झाला होता, घरभर धूर होता, आणि त्याने त्यांना कॉलर धरून कपाटावर आपटलं होतं. शेजारचे आवाज ऐकून आले, तेव्हा तो म्हणाला होता, काही नाही, जरा हात लागला. मग घरात तोच शब्द रुळला. नळ वाहत राहिला, हात लागला. तोच प्रश्न पुन्हा विचारला, हात लागला. म्हातारा माणूस विसरतो, आणि हा धडधाकट पुरुष त्याला त्याची शिक्षा देत होता. वर शब्द असा शोधला होता की जणू वाटेत दार लागावं.

"हात लागला म्हणायला मीही शिकले," बायको म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

कोर्टात मॅजिस्ट्रेटबाई होत्या, त्या एके काळी अण्णांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. सुरी चुकून खिशात राहिली, गुन्हा कबूल आहे, असं अण्णांनी सांगून टाकलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अण्णासाहेब, ही सूट तुम्हीच वाचवलीत. कोणाची भीती असेल तर फक्त नाव सांगा."

"नाव नाही," अण्णा म्हणाले.

मुलगा गणवेशात मागच्या बाकावर बसला होता. गप्प बसणं अगदी सोपं होतं. म्हातारपणी डोकं चालत नाही, असं म्हणून लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. बापाने आपल्याला वाचवलं, हे त्याला समजत होतं. आणि लाज वाटत असतानाच त्याला सुटल्यासारखंही वाटत होतं, याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

बाईंनी पेन उचललं. शिपाई फाईल घेऊन अण्णांच्या जवळून गेला, त्याचा हात जरा वर होता, आणि अण्णांचं कोपर पुन्हा तोंडासमोर आलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मुलगा उभा राहिला. "माझी," तो म्हणाला. "त्यांना माझी भीती वाटते. मी मारतो त्यांना."

मारतो हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. हे खरं आहे का, असं बाईंनी अण्णांना विचारलं. अण्णांनी टेबलाच्या कडेकडे बघितलं. आता तरी नाही म्हणतील, असं मुलाला वाटलं.

"हो," अण्णा म्हणाले.

अण्णा निर्दोष सुटले. मुलाची चौकशी वेगळी होईल, असं बाईंनी त्याच्याकडे न बघता सांगितलं. शिपायाने सुरी आणि चष्म्याची डबी टेबलावर आणून ठेवली. मुलगा पुढे झाला. आता सगळं बोलून झालं होतं, अण्णा ती सुरी आपल्याकडे देतील, घरी नेऊन पुन्हा स्वयंपाकघरात ठेवता येईल, या आशेने त्याने हात पुढे केला.

अण्णांनी डबी आतल्या खिशात टाकली. सुरी रुमालात गुंडाळून कोटाच्या वरच्या खिशात खोचली, लाल दोऱ्याची मूठ सगळ्यांना दिसेल अशी.

"आता झाकायला नको," ते म्हणाले. "तू पुढे चाल. मी मागून येतो."