फरदडीचं कापड

पिवळ्या दुपट्यावरचे पांढरे ठिपके खसखशीहून बारीक होते. कापड उजेडात आडवं धरलं तरच दिसत. वंदनाने एका ठिपक्यावर नख फिरवलं. तो हलला नाही. म्हणजे ती धूळ नव्हती, रंग न धरलेल्या कच्च्या तंतूंची गुठळी होती. तिने कडेचा धागा सोडवला, त्याचा पीळ उलटा फिरवला आणि हलकेच ओढला. धागा लगेच सुटला. आतले तंतू करंगळीच्या पेराएवढेही भरेनात.

"परत तेच," ती म्हणाली.

"मागच्या खेपेलाबी तेच होतं, ताई." समोर बसलेली फरहाना भोकरदनच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. तिथली दुपटी-झबली हसनाबादला वंदनाच्या शिवणघरात शिवली जात. "दोन धुण्यांत तंतूंचा बुरा निघून राह्यला. लेकराची मूठ उघडली की आत गोळा. हा तर एका लेकराच्या तोंडातून काढला मी." तिने कागदाची पुडी उघडून समोर ठेवली. "डॉक्टरबाई म्हणल्या, असंच असंल तर कपडे घेणं बंद करा. मंग मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, आमच्या बाईंच्या माहेरचा बुरा हाय," मशीनवरून मान वर न करता साधना म्हणाली.

वंदनाला हसू आलं नाही. कापड तिचा थोरला भाऊ अंगद पुरवायचा. पिंपळगाव रेणुकाईकडचा कापूस घेऊन तो सूत काढवायचा, कापड विणून आणायचा. शिवणघर काढायचं म्हटल्यावर सासरी सगळ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा पहिल्या दोन मशिनी त्यानेच टेम्पोत घालून आणल्या होत्या. आणि आई, चतुराबाई, म्हणायची, माहेरचं कापड उलटं करून बघू नये. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली वंदना ते दर खेपेला उलटं करून बघायची आणि घडी घालून ठेवून द्यायची.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. नवा तागा खांद्यावर टाकून अंगद आत आला.

"वंदे, हात लाव. लोणी हाय लोणी."

"वरच्या लेपाचं मऊपण हाय ते, दादा. पहिल्या धुण्यात जातंय."

"तू धुतीस कशाला पण? शिवायचं आन् द्यायचं."

साधना फिसकन हसली.

"कापूस फरदडीचा हाय ना?" वंदनाने विचारलं.

"आपल्या शिवारातला हाय. काळं रान. बिलकुल घरचा."

"रान घरचंच. वेचणी कोणती?"

मुख्य वेचण्या उरकल्या की कपाशीची पऱ्हाटी उपटून टाकायची असते. ती तशीच ठेवून, पाणी देऊन पुन्हा कापूस घेतला की ती फरदड. त्याची बोंडं नीट पिकत नाहीत, तंतू आखूड आणि दुबळा राहतो. हे अंगदलाही ठाऊक होतं. पण शिवार आपलं म्हटलं की त्याच्या लेखी कापूस चांगलाच.

"ढिगाच्या वरचा ओढून बघितला, टकदिशी आवाज करून तुटला, बराबर निघाला," तो म्हणाला. "आता बुडापस्तोर कोण हात घालतंय?"

"मला घालावा लागतोय. दर खेपेला सांगून राह्यले तुला."

"सांग की. ऐकूनच तर राह्यलो." तागा टेकवून तो खुर्चीत बसला. "चहा ठेव. आन् आईचे गुडघे लई दुखून राह्यले. कधी येतीस?"

बोलणं दर वेळी इथेच वळायचं. मग चहा व्हायचा, आईची चौकशी व्हायची आणि तागे उतरायचे. आजही वंदनाचं पाऊल शेगडीकडे वळलं. फरहाना आपल्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली.

वंदना मागे फिरली. पुडीतला गोळा तिने भावाच्या तळहातावर ठेवला.

"काय हाय?"

"लेकराच्या तोंडातून निघालाय."

अंगदने सवयीने तो दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला. गोळ्याचे आवाज न होता दोन तुकडे झाले. त्याने ते परत पुडीत टाकले.

"पुढच्या खेपेला बघू आपण," तो म्हणाला.

"पुढची खेप न्हाई, दादा," वंदना म्हणाली. "तागे उतरवू नको. आजपासून कापड मी दुसरीकडून घेणार."