गार्डसाहेबांचा कठडा

"काकू, काका नेहमी बसतात ती खुर्ची आणा बरं इथं," मी टेप काढत म्हणालो.

"ते कुठले बसते! त्यायले गच्चीवर येऊच देत नाही मी. दाराले कुलूप आहे," कलावतीकाकू म्हणाल्या.

मी टेप हातात धरून उभाच राहिलो. माझी एक पद्धत आहे. रेलिंग बसवण्याआधी मी घरातल्या माणसाला त्याच्या खुर्चीवर बसवतो आणि त्याच्या डोळ्यांची उंची मोजतो. नाहीतर वरची पट्टी नेमकी नजरेच्या आड येते आणि बिचारा जन्मभर तलावाऐवजी पट्टीच बघत बसतो. गोल बाजारातले दुकानदार मला यावरून हसतात. हसू देत. कठडा बसवून घरी निघून जाणारे पुष्कळ आहेत, पण त्या कठड्यामागे कोण बसणार, हे विचारणारा रायपुरात एकटा हा मारोतीच आहे, हे मी छाती ठोकून सांगतो.

घर नव्या रायपुरात होतं. पहिल्या मजल्यावर ऐसपैस गच्ची, समोर रुंद रस्ता, त्यापलीकडे रिकामे प्लॉट आणि शेवटी तलाव. सदर बाजारातून तिथे गेलेल्या माणसाला कानात कापूस घातल्यासारखं वाटतं. दुपारी एखादी गाडी लांबून दिसते, बराच वेळ येत राहते, आणि मग तिचा आवाज येतो. तिथे उभं राहिलं की आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळेनासं होतं.

गच्चीला नुसता गुडघाभर उंचीचा कट्टा होता. काकूंनी तो दाखवला आणि पदराने डोळे पुसले.

"मागच्या महिन्यात ह्याच्यावर पाय टाकला होता त्यायनं. म्हणे, गाडी थांबली, उतरून पाहतो. मी मागून कमरेले मिठी मारली म्हणून वाचले. मालगाडीचे गार्ड होते ना, छत्तीस वर्षं. आता काही ध्यानात नाही. मलेच विचारते, बाई, तुम्ही कोण?"

तेवढ्यात बंद दारावर आतून थापा पडल्या. "उघडा! गाडी लेट होऊन राहिली!"

"दिवसभर असंच," काकू म्हणाल्या. "स्वतःच्या घरात माणसाले कोंडून ठेवलं मी. पाप लागते का हो, मारोतीभाऊ? तुमचं रेलिंग झालं का कुलूप काढून फेकते पाहा. दोघं बसू इथं. नोकरी होती तोवर कधी संध्याकाळ सोबत गेली नाही आमची."

मी अॅल्युमिनियमचे नमुने मांडले, काळा, तपकिरी, चांदी. काकूंनी पुण्याच्या मुलाला, निरंजनला, फोन लावला. त्याला आईचं मराठी समजत होतं, पण उत्तर हिंदीतच आलं.

"अंकल, एकदम क्लियर काँच चाहिए। ऊपर पट्टी-वट्टी कुछ नहीं। व्ह्यू नहीं कटना चाहिए।"

"पोट्टा म्हणते तसंच करा," काकू म्हणाल्या.

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला काचेचा शौक आहे. काकांना बाहेर आणायची सोय नव्हती, म्हणून मी काकूंनाच खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांचं माप घेतलं. ज्याचा कठडा, त्याला सोडून भलत्याच माणसाचं माप! पण तेव्हा काही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

आठ दिवसांनी मी आणि माझा जोडीदार शंकर जाड टफन, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेल्या काचा घेऊन गेलो. कट्ट्यावर अॅल्युमिनियमची पन्हळ पक्की केली, तिच्यात काचा उभ्या केल्या, रबर ठोकलं. छातीएवढी उंची, धक्का मारला तरी हलायचं नाव नाही. काचेवर कोणी आपटू नये म्हणून आम्ही चिकटपट्टीच्या फुल्या मारतो. त्याही मी काढल्या आणि काच अशी पुसली, अशी पुसली की ती दिसेनाशीच झाली. तलाव सरळ गच्चीत आल्यासारखा वाटत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी माझ्याच हाताने केलं.

काकूंनी कुलूप काढलं. नीलकंठराव, म्हणजे काका, उंबऱ्यात आले. उंच, सडपातळ, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. एक पाऊल बाहेर टाकलं आणि थांबले. दोन्ही हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपू लागले. मग चेहरा पांढराफटक पडला आणि ते दाराची चौकट धरून मटकन खाली बसले.

"कठडा कुठं गेला? डब्याचा कठडा काहून काढला? माणूस पडंल ना!"

"अजी, काच आहे न. हे पाहा," म्हणत काकू पुढे गेल्या आणि काचेवर टकटक करू लागल्या.

"बाई, मागं सरा! गाडी चालू आहे!" काका ओरडले. ते जमिनीवरून सरपटत गेले आणि काकूंचा पदर धरून त्यांना मागे ओढू लागले. सत्तरी उलटलेला माणूस, पण पदर काही सोडत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी त्यांना आत नेलं आणि पुन्हा कुलूप हातात घेतलं.

"थांबा, काकू," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"चूक कोणाचीच नाही. नशीबच तसं आहे. राहू द्या आता."

मी ऐकलं नाही. आत जाऊन काकांसमोर खाली बसलो. मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असतो आणि त्याला बाहेर छोटासा ओटा असतो, एवढं मी पाहिलं होतं. विचारलं, "गार्डसाहेब, डब्याले नवीन कठडा लावायचा आहे. कसा पाह्यजे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे एकदम स्वच्छ झाले.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "गोल पाह्यजे. मुठीत मावला पाह्यजे. अन् दिसला पाह्यजे. धक्का बसला तं हात सुटाले नको."

मी त्यांच्या मुठीचं माप घेतलं. मग त्यांना उभं केलं आणि हात कुठे येतो ते मोजलं. खुर्चीचा प्रश्नच नव्हता. ड्युटीवर गार्ड बसत नाही, असं त्यांनीच मला सुनावलं.

काकूंनी नवा बेत कळवला, तसा निरंजनचा फोन आला. "अंकल, इससे तो व्ह्यू कट जाएगा।"

"भैया, व्ह्यू तुमच्या बाबांचा आहे," मी म्हणालो आणि फोन काकूंकडे दिला. पोराला राग आला असेल तर येवो.

टफन काचेला मागाहून भोक पाडता येत नाही, तिचे मुरमुरे होतात. म्हणून काचेच्या आतल्या बाजूने अॅल्युमिनियमचे खांब उभे केले आणि त्यांच्यावर काळा गोल पाइप बसवला. तीन दिवस लागले. शेवटच्या दिवशी माघातले ढग निघाले होते, पाणी नसलेले, पांढरे, घाईत.

काकूंनी दार उघडलं. नीलकंठराव आले, पाहिलं, आणि सरळ चालत जाऊन पाइप धरला. हलवून पाहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. मग पाय थोडे फाकवून, पाठ ताठ करून उभे राहिले. ढग घरावरून तलावाकडे चालले होते. एकटक पाहता पाहता मलाही गच्ची मागे सरकल्यासारखी वाटली. शंकरने तर चटकन भिंतीला हात टेकला.

काकू हसत होत्या, रडत होत्या. त्या हळूच जाऊन काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनीही पाइपवर हात ठेवला.

काकांनी वळून पाहिलं. अगदी अदबीने म्हणाले, "बाई, उतरा खाली. मालगाडीत सवारी चालत नाही. सुटून राहिली गाडी."

मी पुढे होणार, तेवढ्यात काकूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

"हव, साहेब," त्या म्हणाल्या. "उतरते."

त्या आत गेल्या. जिना उतरण्याचा आवाज आला. मग त्या खाली अंगणात दिसल्या. फाटक उघडून रस्त्याच्या कडेला गेल्या, पदर नीट केला, वर पाहिलं आणि स्टेशनातला माणूस गार्डाला करतो तसा हात उंच केला.

काकांनीही हात वर केला. दोघं तसेच उभे होते आणि ढग जात होते. मग, बरंच अंतर पडल्यावर खाली घ्यावा, तसा काकांनी हात खाली घेतला.

काकूंचा वरच होता.