समोरची खुर्ची

मित्रांनो, मानसोपचाराच्या खोलीत दोन खुर्च्या असतात. एकीवर डॉक्टर बसतात. दुसरी मी.

एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत मी पेशंटची खुर्ची म्हणून आयुष्य काढले आहे. आता माझे सांधे कुरकुरतात, पाठीच्या दोन पट्ट्या सैल झाल्या आहेत. पण हात अजून भक्कम आहेत. माझा जन्मच मुळी या हातांसाठी झाला, म्हणून आधी त्यांच्याविषयी सांगते.

माझ्या आधी या खोलीत पेशंटसाठी लोखंडी स्टूल असे. मध्ये भले मोठे टेबल, पलीकडे डॉक्टर, अलीकडे स्टुलावर अवघडून बसलेला माणूस. ही मांडणी एका डॉक्टरीणबाईंना पटेना. त्या या विभागातल्या पहिल्या स्त्री डॉक्टर. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, जरी उंचीने त्या बेताच्याच होत्या. त्यांनी टेबल भिंतीला सरकवले आणि सुतारकाकांना बोलावले.

"हातांची खुर्ची? पेशंटला?" सुतारकाका म्हणाले. "बाई, तुमच्या स्वतःच्या खुर्चीला हात नाहीत. आधी तुमची करू या."

"माझं चाललंय हो. माझ्या हातात पेन असतं. रडू आलेल्या माणसाला हात कुठे ठेवायचे ते कळत नाही."

सुतारकाकांनी मोजपट्टी काढली. मग म्हणाले, "तर मग थोडे रुंद करतो. घट्ट धरता आले पाहिजेत."

"आणि वजनदार करा. कुणी रागाने उचलायला नको."

"रागाने सोडा, प्रेमाने उचलायलाही दोन माणसं लागतील अशी करतो!"

अशी मी घडले. मोठ्या बाईंनी मला डॉक्टरांच्या खुर्चीच्या अगदी नाकासमोर न ठेवता किंचित तिरके ठेवले. बोलणाऱ्याने वाटल्यास डॉक्टरांकडे बघावे, नाहीतर मान वळवून खिडकीबाहेर बघावे. डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नको. तरीही माझे नाव पडले ते समोरची खुर्ची असेच.

माझ्यावर कोण कोण बसले म्हणून सांगू? शिक्षक, पोलीस, परीक्षेला घाबरलेली मुले, मुलगा गेलेले आईबाप. घामात मीठ असते. ते मीठ आणि बोटांचे घासणे मिळून लाकडावरचे पॉलिश हळूहळू उडते. माझ्या दोन्ही हातांची टोके म्हणूनच फिकट आहेत. विभागाच्या स्मरणिकेत एकदा माझा फोटो छापून आला, तेव्हा फोटो काढणारा म्हणाला, "जरा रंग मारून घ्यायचा होता." मोठ्या बाई म्हणाल्या, "रंग मारायचा नाही. तो तिचा अनुभव आहे." मित्रांनो, इतके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

त्याच सुमाराला विभागात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली. प्रत्येक गोष्टीला तिचा पहिला प्रश्न "का?" हे औषध का, आजच का, याला का नाही? वॉर्डातल्या मावशींनी तिचे नाव का-बाई ठेवले. मोठ्या बाई वरवर वैतागत, पण दिवसभराचे काम संपले की तिला समोर बसवून त्या सगळ्या 'का'ची उत्तरे देत. परीक्षेत ती पहिली आली. तिला मूल होणार असल्याची बातमी आली तेव्हा मावशी म्हणाल्या, "आता बाळ विचारेल का, मग कळेल तुला."

बाळ झाले आणि काही महिन्यांनी का-बाई पुन्हा या खोलीत आली. या वेळी ती माझ्यावर बसली.

सोबत तिच्या सासूबाई होत्या. कडेवर बाळ होते. "डॉक्टरीणबाई, ही दुसऱ्यांना समजावणारी," त्या म्हणाल्या. "आता घोटभर पाणी घे म्हटलं तरी दोनदा सांगावं लागतं. काहीही करा, पण माझी सून मला परत द्या."

सासूबाई बाळाला घेऊन बाहेर गेल्या. का-बाई खिडकीकडेही बघत नव्हती. ती म्हणाली, "माझ्यावाचून त्याचं बरं होईल असं वाटतं."

"हे आजार बोलतोय, तू नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तूच सांगायचीस ना पेशंटना?"

"तेव्हा सोपं होतं."

बाळंतपणानंतर काही आयांना असा आजार होतो. तो लाडाने होत नाही आणि रागावून जात नाही. त्याला औषध लागते, झोप लागते, माणसे लागतात. का-बाई दर पंधरवड्याला येत राहिली. बोलताना तिचा डावा अंगठा माझ्या हाताच्या खालच्या कडेवर फिरत राही. तिथे एक लहानशी खोलगट जागा झाली. एके दिवशी बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "पण बाई, ही गोळी सकाळीच का?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

ती बरी झाली. पण नोकरीवर परतली नाही. राजीनाम्यात 'घरगुती कारण' एवढेच होते. मोठ्या बाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, डॉक्टरांचा तो नियमच असतो. मीही आज सांगते आहे ती तिने पुढे स्वतःच सांगितली म्हणून.

अशा थांबलेल्या मुली मोठ्या बाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. कुणी बाळासाठी, कुणी घरातल्या आजारी माणसासाठी, कुणी नवऱ्याच्या बदलीमुळे. बैठकीत कुणीतरी म्हणाले होते, "मुलींना घेतलं की शिक्षण वाया जातं." मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "शिक्षण कुठे वाया जातंय? बाई वाया जाते."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना भेट देण्यासाठी वर्गणी काढली. त्यांनी भेट घेतली नाही. त्या वर्गणीतून एक फेलोशिप सुरू करायला लावली. मानसोपचाराचे काम थांबवावे लागलेल्या आणि परत येऊ बघणाऱ्या स्त्री डॉक्टरसाठी ती होती. दर वर्षी एकीला एक वर्षाचा पगार, शिकवायला एक मार्गदर्शक, संशोधनासाठी जागा आणि मूल लहान असेल तर पाळणाघराचा खर्च. वर्ष संपले की छोटा समारंभ, एक पदक आणि बाहेरच्या भिंतीवर फोटो.

निवडीची रीतही त्यांनीच घालून दिली. शेवटची मुलाखत याच खोलीत व्हायची. उमेदवार डॉक्टरच्या खुर्चीत बसायची आणि परीक्षक पाळीपाळीने माझ्यावर, पेशंट होऊन. "कागदावर सगळ्याच हुशार असतात," त्या म्हणायच्या. "ऐकते कशी, ते बघा."

पुढे मोठ्या बाई गेल्या. खोलीत चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली, मोडक्या पंख्यांशेजारी ठेवले. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या टाकत. वर्षातून एकदा, मुलाखतीच्या दिवशी, दोन माणसे धापा टाकत मला वर नेत. "काय खाते ही खुर्ची?" असे त्यांतला एक दर वर्षी न चुकता म्हणे. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर तग धरत असे.

आता मी ज्या मुलाखतीविषयी सांगणार आहे, तिच्या आदल्या वर्षी एक वाईट गोष्ट घडली. एका उमेदवार मुलीने सरळ सांगितले की, मी उदासीनतेच्या आजारावर उपचार घेतले, म्हणून काम थांबले होते. ती बाहेर गेल्यावर दोघे परीक्षक बोलू लागले. एक होते विभागप्रमुख सर. दुसऱ्या मॅडम, याच फेलोशिपच्या पहिल्या मानकरी, आता प्राध्यापक.

"मुलगी चांगली आहे," सर म्हणाले, "पण उद्या पुन्हा आजारी पडली तर?"

"पेशंटचाही विचार करायला हवा," मॅडम म्हणाल्या. "या वर्षी नको."

मित्रांनो, मी याच खोलीत याच दोघांच्या तोंडून हजार वेळा ऐकले होते, "ताप येतो तसाच हा आजार. यात लाजायचं काय?" दोन्ही वेळा ते मनापासूनच बोलत होते. तरी मला कळेना, की तोच ताप डॉक्टरला आला की वेगळा कसा होतो.

पुढच्या वर्षी मुलाखतीला का-बाई आली.

ती थोडी जाड झाली होती, केसांत एक पांढरी बट होती. आवाज तोच. ती डॉक्टरच्या खुर्चीत बसली. बाळंतपणानंतर आजारी पडणाऱ्या आयांसाठी तिला काम करायचे होते. त्या आया ओपीडीपर्यंत पोचतच नाहीत. त्या का पोचत नाहीत, हे तिला शोधायचे होते. अजून 'का' सुटला नव्हता!

सर पेशंट झाले. सर तरुणपणी नाटकात कामे करत. माझ्यावर बसले की त्यांना प्रेक्षक दिसू लागत. त्यांनी पुन्हा पुन्हा हात धुणारा दुकानदार इतका रंगवला, की मी खालून हलले. का-बाई शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही थकला असाल." नाटक तिथेच संपले.

मग मॅडम बसल्या. पण त्यांनी भूमिका घेतली नाही.

"त्याआधी एक विचारायचंय. एवढ्या वर्षांचा खंड, आणि कारण काय, तर घरगुती. घरगुती म्हणजे नक्की काय?"

'मूल लहान होतं' एवढे म्हटले तरी पुरणार होते, आणि ते खोटेही नव्हते. खरे सांगणारीचे काय झाले ते मी ऐकले होते. तिला ते ठाऊक नव्हते. पण अंदाज असावा, कारण तिचा चेहरा उतरला. ही संधी गेली तर दुसरी नव्हती. इतक्या वर्षांनी मानसोपचारात तिला कोण घेणार?

ती उठली. "मॅडम, तुम्ही जरा उठता का?"

मॅडम गोंधळून उठल्या. का-बाई माझ्यावर बसली. तिचा डावा अंगठा नेमका त्या खोलगट जागेवर गेला.

"मी इथे बसायचे," ती म्हणाली. "मोठ्या बाई तिथे बसायच्या. बाळ झाल्यावर मला आजार झाला होता. वाईट झाला होता. आता बरी आहे. आता विचारा काय विचारायचंय ते."

"हे सांगायलाच हवं होतं असं नाही," सर हळूच म्हणाले.

"नव्हतं, सर. पण उद्या एखादी आई इथे बसेल आणि मी तिला म्हणेन, घरी सांग, लपवू नकोस. म्हणताना माझीच जीभ अडखळेल."

"आणि पुन्हा आजारी पडलात तर?"

"तर रजा घेईन. तुमच्या पाठीच्या दुखण्याच्या रजेमुळे ही मुलाखत महिनाभर पुढे गेली ना, तशीच."

सरांना हसू आवरले नाही. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि आयुष्यभर जे करत आल्या तेच त्यांनी केले. "झोप कशी आहे आता?" त्यांनी विचारले.

"मुलगा झोपू देईल तेवढी. दहा वर्षांचा झालाय, तरी शेजारीच झोपतो. झोपेत लाथा मारतो."

ती बाहेर गेल्यावर सर म्हणाले, "हिला घेतलं, तर गेल्या वर्षी त्या मुलीला नाही का म्हटलं, ते कुणीही विचारेल."

"विचारू दे. मोठ्या बाईंनी नियम केला तो थांबलेल्या बाईसाठी. कोणत्या कारणाने थांबलेली चालेल, हे त्यांनी कुठे सांगितलं होतं? ते आपणच ठरवलं." मॅडमनी फोन काढला. "नाव हिचंच पक्कं करा. आणि गेल्या वर्षीच्या त्या मुलीला मी आत्ता फोन करते. पुढच्या वर्षी ये म्हणते."

फोनचा आवाज मोठा होता. पलीकडची मुलगी शांतपणे, अदबीने बोलली.

"आठवण ठेवलीत, आभारी आहे मॅडम. पण मी आता केसांच्या दवाखान्यात काम करते. बरं चाललंय. इथे मला कुणी काही विचारत नाही."

"चूक आमची होती," मॅडम म्हणाल्या. "तू परत ये."

"तेव्हा आले होते ना, मॅडम."

फोन बंद झाला. मॅडम बराच वेळ तो हातात धरून बसल्या. सर खिडकीबाहेर बघत होते.

का-बाई आता याच खोलीत बसते. मला तिने जिन्याखाली जाऊ दिले नाही. तिच्याकडे येणाऱ्या आया माझे हात घट्ट धरून बोलतात आणि बाहेर एखादी आजी बाळाला फिरवत असते. सुतारकाकांचा मुलगा येऊन माझ्या पट्ट्या आवळून देणार आहे. एकूण माझे बरे चालले आहे. पण बाहेरच्या भिंतीवर आदल्या वर्षीच्या जागी दुसऱ्याच एका बाईंचा फोटो आहे. त्या गुणी आहेत, त्यांचा काही दोष नाही. तरी फोनवरचा तो अदबशीर आवाज माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, लाकडाची काळजी घेणे सोपे असते. खिळा सैल झाला की ठोकावा, ओल आली की उन्हात ठेवावे. उशीर झाला तरी लाकूड वाट बघते. माणसाचे तसे नसते. तुम्ही मोठे व्हाल; कुणाला घ्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवणाऱ्या खुर्चीत तुमच्यापैकी कुणीतरी नक्की बसेल. आजारातून उठलेले एखादे माणूस तेव्हा तुमच्यासमोर खरे बोलेल. त्याला 'हो' म्हणायचे असेल, तर ते त्याच दिवशी म्हणा. पुढच्या वर्षी ते ऐकायला समोरच्या खुर्चीवर तेच माणूस असेल असे नाही.