वांगी पक्षाची बाई

टप्प.

दुपारच्या सामसूम घरात लाडवाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पाठोपाठ कुणीतरी श्वास रोखला. प्रियदर्शिनीने मुद्दामच मान वळवली नाही. पाच वर्षांची दीक्षा झोपेचं सोंग टाकून स्वयंपाकघरात पोचली होती. नवरा, नागसेन, एमआयडीसीतली पाळी संपवून आतल्या खोलीत घोरत होता. आणि लॅपटॉपवर एक आकडा तिच्याकडे बघत बसला होता: एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस.

इतका गुळगुळीत आकडा तिने आजवर फक्त शाळांच्या दहावीच्या फलकांवर पाहिला होता.

मुंबईतल्या एका छोट्या संस्थेसाठी ती महाडात बसून टिपणं लिहायची. विधिमंडळाची एखादी समिती बसली की आमदारांसाठी चार पानं: प्रश्न काय, पर्याय कोणते, कशाने काय होईल. सत्तेतल्यांना जे पान, तेच विरोधातल्यांना. बाजू घ्यायची नाही आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. नागसेन म्हणायचा, "म्हणजे सगळं माहीत असून गप्प बसायचं. माझ्या आईला ही नोकरी अर्धा दिवस झेपली नसती."

या खेपेला टिपणावर पहिल्यांदाच तिचं नाव जाणार होतं. विषय होता दरडीखालच्या वाड्यांचा. तळीये गाव दरडीत गेल्यानंतर अशा वाड्यांच्या याद्या झाल्या होत्या, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या माळकोंडीसाठी खाली सपाटीला एक्केचाळीस घरं बांधून तयार होती. समितीला एवढंच हवं होतं: लोक तिथे जाणार का? सोमवारी दुपारी टिपण पाठवायचं, मंगळवारी बैठक. सगळे जाणार म्हटलं की समिती पुढच्या विषयाकडे वळणार. मग जुलैत माणसं खरोखर कुठे झोपली, हे बघायला कोण येतंय?

गुरुवारी ती माळकोंडीला जाऊन आली होती. निघण्यापूर्वी कपाटासमोर अर्धा तास गेला. भगवा नको, हिरवा नको. निळा तर घरचा, जीव की प्राण, पण म्हणूनच नको. लाल युनियनचा. पांढरा घालावा तर निवडणूक लागल्यासारखं वाटेल. शेवटी तिने वांगी रंगाचा कुर्ता काढला, स्वतःच्या हुशारीवर खूश झाली आणि सांभाळायला कोणी नाही म्हणून दीक्षाला घेऊन निघाली.

कोंडीच्या तोंडाशीच येसाजी भेटले. वाडीत त्यांच्या शब्दाला वजन.

"पक्ष कुठला?"

"कुठलाच नाही, काका. आम्ही सगळ्यांनाच माहिती देतो."

येसाजींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बिनपक्षाचं माणूस हा चढ चढत नाय." मग त्यांची नजर कुर्त्यावर थांबली. "हां! नवीन निघालाय वाटतं."

ती दुसऱ्या घरात पोचेपर्यंत वांगी पक्षाची बातमी विसाव्या घरात पोचली होती. प्रत्येक ओटीवर पाणी मिळालं, गूळ मिळाला आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत "हो" मिळालं. जाणार ना खाली? जाणार तर! गणूचं दार बंद होतं, तो मुंबईला. शेजारीण म्हणाली, "त्याचं पन हो लिवा." शेवटच्या घरातल्या बयाबाईंनीही हो म्हटलं आणि निघताना दीक्षाच्या हातात नाचणीच्या लाडवांची पुडी कोंबली.

तेच लाडू आता डब्यातून कमी होत होते.

"दीक्षा, कितवा?"

"पहिला." तोंड भरलेलं होतं. "दुसऱ्याच्या नंतरचा पहिला."

"संपव सगळे. मग काय खाशील?"

"त्या आजी देणारेत अजून. म्हणाल्या, पावसात ये, चुलीपाशी बसू, काजू भाजून देते. खूप लाकडं भरलीत त्यांनी. मी चढले होते ना त्यांच्यावर!"

प्रियदर्शिनीचा हात कळफलकावर तसाच राहिला. पावसात? कुठल्या चुलीपाशी?

कोकणातल्या माणसाला आगोटीचं, पावसाआधीच्या बेगमीचं, कोणी शिकवावं लागत नाही. मे सरता सरता कौलं चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी डब्यात भरायची. जिथे पाऊस काढायचा तिथेच हे सगळं होतं. जे घर सोडायचं त्याची कौलं कोण चाळतं? आणि ती स्वतः चाळीस ओट्यांवर बसून, नव्या चाळलेल्या कौलांखाली गूळ चघळत, एक्केचाळीस "हो" लिहून आली होती.

रविवारी ती परत गेली, पुन्हा दीक्षाला घेऊन. वही पिशवीत आणि अंगात मुद्दाम तोच वांगी कुर्ता. या वेळी तिने कुणालाच काही विचारलं नाही. नुसती घरांमागून फिरली. दीक्षाला खेळच मिळाला. "आई, इथे लाकडं! इथे पण!" ती ओरडायची आणि आई वहीत रेघ मारायची. तिसावी रेघ मारताना मागून आवाज आला.

"काय मोजतेस गो बाय?"

कमरेवर हात ठेवून बयाबाई उभ्या होत्या.

"लाकडं," प्रियदर्शिनी म्हणाली. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

बयाबाई अशा हसल्या की कोंबड्या पांगल्या. "आरं येसाजी, ये रे इकडं! तुजा पक्ष लाकडं मोजतोय!"

येसाजी आले. रेघा बघून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "मागं एकदा असेच आलेले. ज्यानं नाय म्हटलं त्याचं नाव घरांच्या यादीतनं गेलं. मीच सांगितलं सगळ्यांना, हो म्हना."

"पण जायचं नाही का खाली? दरड आली तर?"

"मराची हौस हाय का आमाला?" बयाबाईंचं हसू ओसरलं. "पन थितं गोठा नाय. एक नाय! मानसानं खोलीत ऱ्हायाचं, नि गुरं? डोक्यावर बांदू? ती वर ऱ्हायली का आमी वर ऱ्हायलो. गोठा द्या, उद्या उतरतो."

संध्याकाळी टिपण पोचताच संस्थेच्या सुहास सरांचा फोन आला.

"तोंडी होकार एक्केचाळीस," त्यांनी तिचं टिपण वाचून दाखवलं. "आगोट भरलेली घरं छत्तीस. पद्धत: लाकूडफाटा व चाळलेली कौलं मोजणे. प्रियदर्शिनी, हे आमदार वाचणारेत."

"त्यांच्याही घरी कौलं असतील, सर. निदान आजोळी."

"हसतील."

"हसू देत. सगळे मिळून हसले तर आपण निःपक्षच ठरतो ना?"

"आणि खाली हे, 'गोठे बांधून द्यावेत'? सल्ला आहे हा. काढ."

तिने ते वाक्य काढलं. मग मोठ्याने म्हणत टाइप केलं: पर्याय एक, गोठ्यांविना घरे, सध्याच्या तयारीवरून छत्तीस कुटुंबे पावसाळ्यात दरडीखालीच राहतील. पर्याय दोन, तात्पुरत्या गोठ्यांसह घरे. स्थलांतर लगेच शक्य, असे रहिवासी सांगतात.

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. सर हसत होते. "चालेल. नाव तुझंच."

मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा ती स्टुलावर चढून पिठाचे डबे, दीक्षाची पुस्तकं, कागदपत्रांची पेटी माळ्यावर सरकवत होती. सावित्री नदी इथून दोन गल्ल्यांवर, पुराचं पाणी घरात शिरायचं. मे संपत आला की त्यांच्या गल्लीत सगळेच हे करतात.

"पंधरा दिवसांत गोठे, असं समितीने मागितलंय," सर म्हणाले. "दोन्ही बाजूंनी. आणि दोन्हीकडून मला गुपचूप विचारणा झाली, ही बाई आमची की त्यांची?"

"काय सांगितलंत?"

"तुझ्या वाडीनं ठरवलंय तेच. वांगी."

ती स्टुलावरच खुदखुदत राहिली. फोन ठेवला, रिकामा लाडवाचा डबाही वर सरकवला. खाली दीक्षा मान वर करून बघत होती, बोटांवर काहीतरी मोजत.

"आई, त्या आजींना विचारायला तू गेलीस," ती म्हणाली. "आपण पण सगळं भरून ठेवलंय. म्हणजे पाणी आलं तरी आपण इथेच राहणार? आपल्याला विचारायला कोण येणार?"