पांगारा दुसऱ्यांदा तोडला तेव्हा

"डॉन ओल्गेर, मेलेलं झाड तुमच्या कंप्युटरात कशाला हो सांभाळून ठेवलंय?"

विचारून झालं आणि येंद्रीने जीभ चावली. खिडकीबाहेर तिच्या मैत्रिणी, हेजल आणि तिफानी, एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. पाणी समितीच्या कचेरीत पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारून दाखव, बर्फाचा गोळा आमच्याकडून, वर घट्ट दूध घालून.

डॉन ओल्गेर म्हणजे समितीचे प्लंबर ('डॉन' हे मानाचं, आपल्या 'राव'सारखं; बाईंना 'डोन्या'). ला लोमा गावातला एकूण एक पाइप त्यांनी स्वतःच्या हाताने पुरलेला. ते कापडी गाळणीतून कॉफी गाळत होते. धार न मोडता म्हणाले, "कोण मेलं म्हणतेस?"

"जुना पांगारा. यादीत आहे बघा. मी जन्मायच्या आधीच तोडला ना तो?"

"तोडला की."

"मग?"

"मग काय? झाड गेलं, पत्ता आहे ना अजून."

हे उत्तर ऐकून खिडकीबाहेरचं खिदळणं दुप्पट झालं. येंद्रीला गोळा मिळाला, पण म्हाताऱ्याचं डोकं जरा गंजलंय हे मत तिने त्याच दिवशी पक्कं केलं. त्या वर्षी तिची मतं फार पटापट पक्की होत होती. सतरावं संपत आलेलं, तांत्रिक शाळेच्या कंप्युटर शाखेत पहिला नंबर, आणि परवा परवापर्यंत फळ्यासमोर उभं राहिलं की लटपटणारे पाय आता भर मैदानात नाचायला लागलेले. तीनशे वीस तास या कचेरीत काम करायचं, शेवटी डॉन ओल्गेरची कागदावर सही घ्यायची, की डिसेंबरात प्रमाणपत्र. प्रमाणपत्र मिळालं की जानेवारीत राजधानीत, सान होसेला, बँकेत नोकरी. आईच्या मावसबहिणीने जागा धरून ठेवली होती आणि आईने पांढरा ब्लाउज आतापासूनच इस्त्री करून टांगला होता. सही नाही तर यातलं काहीच नाही.

आता ला लोमात घराला नंबर नाही आणि रस्त्याला नाव नाही. 'जुन्या पांगाऱ्यापासून शंभर मीटर दक्षिणेला, हिरवं फाटक' एवढं सांगितलं की पत्ता पुरा. येंद्रीचं स्वतःचं घरसुद्धा अशीच एक खूण होतं, 'सोलानोंचं निळं घर'. तिच्या वडिलांनी पदवीच्या जेवणासाठी ते पिवळं करायचं ठरवून रंगाचे डबे आणून ठेवले होते.

समितीच्या अ‍ॅपमध्ये गळतीची तक्रार नोंदवताना 'जवळची खूण' अशी चौकट होती. तिच्यावर दाबलं की यादी उलगडायची. ती यादी काही त्या पडद्यावर कोणी लिहून ठेवलेली नव्हती. ती डेटाबेसमधून यायची, आणि काय आणायचं ते एक छोटीशी एक्सएमएल फाइल सांगायची: कुठल्या तक्त्यातून उचल, माणसाला काय दाखव, नोंदीत काय ठेव, कुठली अट लाव. प्रत्येक शब्दाच्या दोन्ही बाजूंना टोकदार कंस, आणि उघडलेलं दार आठवणीने बंद करायचं. येंद्रीला त्या फाइली फार आवडायच्या. घर कसं असावं तर असं, ती म्हणायची. तिच्या खोलीची अवस्था बघता आईला हे पटत नसे.

तर शेवटच्या आठवड्याच्या आधीचा शुक्रवार. खुणांच्या तक्त्यात 'उभी आहे का' असा एक रकाना होता, डॉन ओल्गेरनीच कधीतरी 'हो' आणि 'नाही' भरलेला. येंद्रीने फाइल उघडली आणि अटीच्या जागी एकच ओळ घातली: जे उभं आहे तेवढंच आण. एकसष्ट खुणांच्या तेवीस झाल्या. जुना पांगारा गेला, बंद पडलेलं सिनेमागृह गेलं, जळालेलं गोदाम गेलं, पिवळ्या कुत्र्याचं घर गेलं (घर होतं, कुत्रा वारला होता). यादी कशी न्हाऊन-माखून उभी राहिल्यासारखी दिसत होती.

"आणि हो, डोन्या मारिएलोस," जाता जाता तिने कचेरीतल्या बाईंना बजावलं, "उद्यापासून डॉन ओल्गेरना फोन करायचा नाही. सगळं अ‍ॅपमधून. शिस्त म्हणजे शिस्त!"

"बरं बाई, साहेब," डोन्या मारिएलोस म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवारी चर्चच्या छपराचे पैसे जमवायला गावजत्रा. सकाळी सातला मंडपात बायका केळीच्या पानांत मक्याच्या पिठाचे तामाल बांधत होत्या, तीनशे तामाल, ते उकडायला चुलींवर हंडे चढवायची तयारी. आणि कचेरीत फोन वाजला. गावातल्या डोन्या एलिएत ओरडत होत्या, "अगं, पाइप फुटला! जुन्या पांगाऱ्यापासून पंचाहत्तर मीटर पश्चिमेला! माझ्या कोंबड्या पोहायला लागल्यात!"

डोन्या मारिएलोसनी यादी उघडली. पांगारा नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. नाहीच. खूण निवडल्याशिवाय अ‍ॅप नोंद घेईना, आणि फोन करायचा नाही असं साहेबांनी बजावलेलं. शेवटी त्यांनी यादीतली पहिलीच खूण दाबली. अंगणवाडी.

अंगणवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला. डॉन ओल्गेर अ‍ॅपमधली नोंद बघून तिथे गेले, पंचाहत्तर मीटर मोजले आणि खणायला लागले. गुडघाभर खड्डा झाला, कमरेएवढा झाला, पाइप अगदी ठणठणीत. तोवर इकडे टाकी रिकामी झाली आणि मंडपातला नळ दोनदा खोकून गप्प बसला. तीनशे तामाल बांधून तयार आणि हंडे कोरडे. पाद्रीबाबा स्वतः बादल्या घेऊन ओढ्याकडे निघाले, त्यांच्यामागे अख्खं गाव.

येंद्रीही बादली घेऊन त्याच रांगेत होती. अंगणवाडीचं नाव कानावर पडलं आणि डॉन ओल्गेर भलतीकडे का खणतायत ते तिला लख्ख कळलं.

"गप्प बस," हेजल कानात म्हणाली. "सोमवारी जा, ओळ पुसून टाक. कोणाला कळतंय?"

"सगळे म्हणतायत मशीन बिघडलं," तिफानी म्हणाली. "बिघडू दे ना मशीनला. मशीनला कुठे सही हवीय?"

सल्ला झकास होता. रविवारभर येंद्रीने तो चघळला. सोमवारी कचेरीत डोन्या मारिएलोस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "यंत्राचा काय भरवसा?" आणि येंद्रीच्या तासांचा कागद डॉन ओल्गेरच्या टेबलावर पडला होता, शेजारी टोपण काढलेलं पेन.

"मशीन बिघडलं नव्हतं, डॉन ओल्गेर," ती एका दमात म्हणाली. "मी पांगारा काढला. उभ्या नसलेल्या सगळ्याच खुणा काढल्या."

डॉन ओल्गेरनी कॉफीचा घोट घेतला. "ठाऊक आहे. खणता खणता हाच विचार करत होतो, हा पांगारा दुसऱ्यांदा कोणी तोडला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस का ते बघत होतो. आणि खरं सांगू? मी स्वतः त्या पांगाऱ्यापासून पन्नास मीटरवर राहतो. शनिवारी तू मला बेघर केलंस, पोरी."

येंद्रीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. मग नाक पुसून फाइल उघडली. ओळ पुसायला एक मिनिट लागलं असतं, पण तिचा हात थांबला. अट चुकीची होती हे खरं, पण नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंना पांगारा कुठे होता ते कसं कळणार?

"याला एक रकाना वाढवते," ती म्हणाली. "लोक काय म्हणतात ते आहेच. आता त्या जागी काय आहे, तेही. यादीत दोन्ही दिसतील. 'जुना पांगारा, आता सायकलचं दुकान.'"

"आणि ते भरणार कोण?"

"तुम्ही सांगा, मी लिहिते."

"बसून आठवत नाही मला. चालताना आठवतं."

मग चालणं आलं. चार दिवस डॉन ओल्गेर पुढे, येंद्री मागे, पांढरे कॅनव्हासचे बूट चिखलात. जुन्या सिनेमागृहाच्या जागेवरून दोन म्हाताऱ्यांचं असं भांडण जुंपलं की शेवटी त्या दोघांच्या दोन जागा लिहून घ्याव्या लागल्या. एकसष्टच्या चौऱ्याऐंशी खुणा झाल्या. शुक्रवारी डोन्या एलिएतनी मुद्दाम खोटी तक्रार नोंदवायला लावली, पांगारा सापडतो का बघायला. सापडला. डॉन ओल्गेरनी कागदावर सही केली आणि पेनाचं टोपण लावत म्हणाले, "वरच्या तीन गावांच्या समित्यांनाही अशी यादी हवीय. पगार बेताचा, चिखल भरपूर. तुला आपलं सांगून ठेवलं. तू काय, बँकेत जाणार."

संध्याकाळी येंद्री घरी आली तेव्हा वडील अंगणात पिवळ्या रंगाचा डबा काठीने ढवळत होते आणि आई भात-घेवड्याचं ताट वाढत होती.

"झाली सही?" आईने विचारलं. "मावशीला फोन करू?"

"कर, पण मी सांगते तेच सांग." येंद्रीने चिखलाचे बूट दाराबाहेर काढले आणि कमरेवर हात ठेवले. "जानेवारीत मी बँकेत जात नाहीये. मी डॉन ओल्गेरबरोबर वरच्या तीन गावांच्या याद्या करणार आहे, रस्तान्‌रस्ता चालत, आणि त्यानंतर कंप्युटरचं हेच काम पुढे शिकायला जाणार आहे. मला रबरी बूट लागतील, सदतीस नंबरचे. आणि पापा, घर खुशाल पिवळं करा. माझ्या यादीत ते निळंच राहणार आहे."